टक् आला की थांबायचं

३ फेब्रुवारी

बाबा,

तुम्हाला एक नमस्कार आणि आईला दोन, कारण पोस्टमनकडून हे पत्र घेऊन, तुमचा चष्मा शोधून, दोन्ही तुमच्या हातात देणार तीच.

परवा फोन केला होता. तुम्ही तीनदा "हॅलो" म्हणालात, एकदा "कोण?" म्हणालात आणि फोन आईकडे देऊन टाकलात. आई माझं निम्मं बोलणं गाळते आणि उरलेल्याला तिखटमीठ लावते, म्हणून सगळं लिहूनच कळवते. फोनमध्ये खरखर असते असं तुमचं म्हणणं आहे ना, मग पत्रात ती भानगड नाही.

तर झालं असं. मंगळवारी सकाळी मी हेडबाईंकडे निघाले होते. हेडबाई म्हणजे माझ्या पेशंट, जुन्या मुख्याध्यापिका, पायाला जखम आहे, एक दिवसाआड जाऊन पट्टी बदलावी लागते. अर्ध्या वाटेत आपली डबी गाडी लंगडायला लागली. उतरून बघते तर मागचं चाक पार बसलेलं. मी म्हटलं, हात्तिच्या, टायरवाल्याची पोर आहे मी, पंक्चरला काय भ्यायचं? स्टेपनी काढली, पाना काढला, नटाला लावला. नट हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला. हलेना. मग पाय दिला. मग पान्यावर चढून उड्या मारल्या. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक कुत्रं बसलं होतं, ते उठून निघून गेलं. त्यालाच माझी लाज वाटली असणार.

शेवटी एक ट्रकवाले थांबले. त्यांनी पान्याला हातभर लांब पाइप लावला तेव्हा कुठे तीन नट किंचाळत सुटले. चौथा सुटलाच नाही, तो ज्या स्टडवर बसतो तो स्टडच तुटून बाहेर आला. ट्रकवाले घाम पुसत म्हणाले, "ताई, हे आवळलं कोणी? काही वैर आहे का?" मी म्हटलं, "वैर नाही, वडील आहेत."

आता बोला. आदल्याच आठवड्यात मी घरून निघाले तेव्हा नेहमीसारखे तुम्ही पाना घेऊन खाली बसला होतात. लोकांचे बाप निघताना डोक्यावरून हात फिरवतात, माझा बाप चाकावरून फिरवतो. मला ते आवडतंच. पण एवढं आवळतात का हो? हेडबाईंनी उशिराचं कारण लेखी मागितलं आहे.

म्हणून आता मला नीट शिकवा. नट कसे आवळायचे, सगळं पायरीपायरीने लिहून पाठवा.

तुमची ठकू


९ फेब्रुवारी

ठकूबाई,

आशीर्वाद. पत्र वाचून राग आला, मग हसू आलं, आता परत थोडा राग आलाय, त्यातच लिहितो.

स्टड तुटला तो लोखंडामुळे. हल्लीच्या लोखंडात दम राहिलेला नाही. आणि पान्यावर उड्या मारतात का, शहाणे? पाना सटकला असता म्हणजे दात वेचत बसली असतीस.

आता शिक. गाडी सपाट जागी लाव, हँडब्रेक ओढ. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले कर आणि मगच जॅक लाव. चाक हवेत असताना जोर करशील तर गाडी अंगावर येईल. नवं चाक चढवण्याआधी ते जिथे टेकतं ती जागा फडक्याने पूस. गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक नीट बसत नाही. आट्यांना तेल लावायचं नाही. कोणी शहाणा सांगेल, तेल लाव, सोपं जातं. त्याला नमस्कार करून वाटेला लावायचं.

नट आधी बोटांनी फिरव, जाईल तितका. वाकडा धरला असेल तर बोटाला लगेच कळतं. मग पान्याने हलकेच आवळ. एक झाला की शेजारचा घ्यायचा नाही, समोरचा घ्यायचा. शेजार धरून गेलीस तर चाक एका अंगाला कलून बसतं. मग जॅक उतरव, चाक जमिनीला टेकू दे, आणि आता मापाचा पाना घे. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, तो पान्याच्या दांड्यावर लाव. सावकाश दाबायचं, हिसके द्यायचे नाहीत. टक् असा आवाज येतो आणि हाताला बारीक धक्का लागतो. टक् आला की थांबायचं. त्याच्या पुढे गेलं की स्टड ताणतो, आणि ताणलेला स्टड आज नाही तर उद्या दगा देतो. थोडं अंतर गेलीस की थांबून परत एकदा पाना लावून बघ.

मी हे सगळं असंच करतो. अंदाजपंचे काम मी आयुष्यात केलेलं नाही. अजूनही दर रविवारी गल्लीतला व्हॅनवाला चाकं दाखवायला माझ्याकडेच येतो. शाळेची पोरं असतात त्याच्या गाडीत, तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

हेडबाईंना म्हणावं, कारण लोखंड.

बाबा

ता.क. अगं, पेटीत टाकायला पत्र माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. रागबिग काही नव्हता, दोनदा वाचून एकटेच हसत बसले होते. बाकी काल आणखी एक कप फुटला. म्हणे हल्लीचे कप निसरडे येतात. शर्टाची बटणं मी लावून देते, म्हणे शिंप्याने काजं लहान केलीत. फोनवाला, लोखंडवाला, कपवाला आणि शिंपी, सगळे कट करून ह्यांच्या मागे लागलेत. तू वेळेवर जेवत जा. - आई


२० फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र हेडबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, शुद्धलेखन बरं आहे, पण लोखंडाचं कारण मान्य नाही.

तुमच्या पत्रावरून शिकायला मी इथल्या एका गॅरेजवाल्या बाईंकडे गेले. जाडजूड, पदर खोचलेल्या, तोंडात सतत बडीशेप. त्यांनी डबीची बाकीची तीन चाकं तपासली आणि बडीशेप चावायची थांबल्या. सगळे नट मापाच्या जवळजवळ दुप्पट आवळलेले. स्टड ताणलेत म्हणाल्या, सगळेच बदलून घेतले. मी विचारलं, लोखंड खराब होतं का? त्या म्हणाल्या, लोखंड चांगलं होतं म्हणून इतके दिवस टिकलं.

मी घरी येऊन विचार करत बसले. माझा बाप आयुष्यभर चाकं आवळणारा, मापाचा पाना हातात, आणि नट दुप्पट आवळलेले, हे कसं? मग एकदम ट्यूब पेटली. जगाच्या गाड्यांना माप, आणि लेक लांब जाणार म्हणून तिच्या गाडीला टक् झाल्यावरही आणखी थोडं, आणखी थोडं. असंच ना? बाबा, मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. पण आता पुरे हं. माझा जीव त्या चार नटांवर असतो, त्यांना त्यांच्या मापात राहू द्या.

ठकू


२७ फेब्रुवारी

ठकूबाई,

पकडलंस. लेकीची गाडी म्हटल्यावर हात जरा जास्त जातो. बापाची माया, दुसरं काय. पुढच्या वेळेपासून मापात ठेवतो. विषय संपला.

गॅरेजवाल्या बाई हुशार दिसतात. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी. जिन्यातला दिवा बदलला. आणखी काय लिहू? गाडी हळू चालव.

बाबा

ता.क. माया असेल, नाही कोण म्हणतं? पण गेल्या रविवारी व्हॅनचाही स्टड तुटला, ह्यांच्याच हातात, आवळता आवळता. व्हॅनवाला काही ह्यांची लेक नाही. तो बिचारा म्हणाला, असू द्या काका, जुनाच झाला होता. ह्यांनी परत लोखंडाला शिव्या घातल्या. दुपारी बघते तर मागच्या पायरीवर एकटे बसलेले. खिडकीच्या गजाला पाना अडकवून दाबत होते आणि कान अगदी पान्याजवळ नेलेला. काय करताय विचारलं तर म्हणे, पुसतोय. हातात फडकं नव्हतं. - आई


५ मार्च

बाबा,

हे पत्र चष्मा नीट लावून आणि एकट्याने वाचा.

काल गॅरेजवाल्या बाईंनी मला पाना हातात देऊन सरावाला बसवलं. मी दाबत होते, तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला. त्या आवाजात मला टक् ऐकूच आला नाही आणि मी दाबतच राहिले. बाई ओरडल्या, "अहो थांबा, केव्हाच झालं!" ट्रक निघून गेला आणि मी तिथेच बसून राहिले, कारण मला तुम्ही दिसलात.

बाबा, तुम्हाला टक् ऐकू येतो का?

आपण एवढी पत्रं लिहितो ती तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही म्हणून. आणि इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही की ज्या कानाला माझा आवाज येत नाही त्याला तो एवढासा टक् कुठून येणार! आणि कप निसरडे नाहीत, काजं लहान झालेली नाहीत. तुमच्या बोटांना कळत नाहीये. हवेच्या गनने नट खोलण्यात सगळी उमर गेली. तिच्या आवाजाने कान गेले आणि तिच्या थरथरीने बोटं. मी रोज परक्या माणसांना विचारते, "इथे हात लावलेला कळतोय का?" स्वतःच्या बापाला विचारायचं राहिलं.

आता एकच मागते. रविवारी व्हॅनला हात लावू नका. तिच्यात पोरं असतात, हे तुम्हीच लिहिलंत. एखादा स्टड तुमच्या हातात न तुटता रस्त्यात तुटला तर तुम्ही स्वतःला कधी माफ करणार नाही, मी ओळखते तुम्हाला. माझ्यावर रागवा, अबोला धरा, पण हात लावू नका.

मी कोणाला काही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

ठकू


१२ मार्च

ठकू,

आज वर काही नाही, खाली माझंच.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि खिशात घातलं. मला दाखवलं नाही. धुवायला शर्ट मागितला तर पत्र त्या खिशातून या खिशात. तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही, पण ओळखलं. लोक मला तोंडाळ म्हणतात, अगं, मी ह्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलते. कान गेलेत हे मला कधीचं ठाऊक होतं. पण ते दुखणं चाकापर्यंत पोचेल हे माझ्या गावीही नव्हतं.

काल रविवार. व्हॅनवाला आला. हे पाना घेऊन बाहेर गेले आणि माझा जीव टांगणीला. मी खिडकीत उभी. पुढच्या चाकाशी बसले, पाना नटाला लावला आणि नुसते धरून बसले. किती वेळ! मग उठले आणि पाना व्हॅनवाल्याच्या हातात दिला. म्हणाले, "तू आवळ, मी बघतो. माझा खांदा धरलाय." तो गोंधळलाच. खांदा काही धरलेला नाही, परवाच माळ्यावरची पेटी एकट्याने उतरवली. त्याने आवळलं. हे बाजूला उभे राहून "समोरचा, समोरचा" करत होते.

मग आत आले आणि मला विचारलं, "शेवटच्या नटाला टक् आला का गं?"

मी म्हटलं, "आला. सगळ्यांना आला." मान हलवली आणि तोंड धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

ये जमलं तर.

आई


१५ मार्च

ठकू,

नाही येत ऐकू. एवढं लिहायला आठवडा गेला.

कधीपासून, ते मलाही सांगता यायचं नाही. आधी वाटलं पाना बिघडला. दुसरा आणला, तर तोही मुका. दोन पाने एकदम बिघडत नाहीत हे शेंबड्या पोराला कळेल, मला कळून घ्यायचं नव्हतं. हाताला धक्का लागायचा, त्यावर निभावलं. मग बोटं बधिर झाली आणि तेही गेलं. मग ठरवलं, ढिला राहण्यापेक्षा जास्त बरा. जरा आणखी, जरा आणखी. तुझ्या गाडीला सगळ्यांत जास्त, कारण तुला घाट उतरून जायचं असतं. तेव्हा मायेचं लिहिलं ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्या मायेच्या आड लपलो, हे खरं.

व्हॅनवाल्याला काल बोलावून सांगितलं, माझ्या हातून जास्त आवळले गेलेत, चारही चाकांचे स्टड बदलून घे. तो म्हणाला, काका, असं काय बोलता? मी म्हटलं, बदल. त्याने बदलले.

मला भीती कसली वाटते सांगू? मरणाची नाही. पाना खाली ठेवला तर गल्लीत मी कोण? ज्याच्याशी ओरडून बोलावं लागतं असा एक म्हातारा. आणि तू निघशील तेव्हा मी फाटकाशी उभा राहून नुसता हात हलवायचा? ते मला जमायचं नाही गं. त्या नटांशी बसलो की मला तुझ्याशी काही बोलावं लागत नाही, आणि सगळं बोलून होतं.

ये. डॉक्टरकडे येईन. पण तू शेजारी बस, ते पुटपुटतात.

बाबा


२ एप्रिल

बाबा,

पोचले. सुखरूप.

डॉक्टरांनी सांगितलेलं परत लिहून ठेवते, कारण तुम्ही सोयीचं तेवढंच लक्षात ठेवता. कानाचं यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. ते खोक्यात ठेवायचं नसतं, कानात घालायचं असतं. मनगटाची शीर दबली आहे, तिथे छोटं ऑपरेशन करून बोटांचं थोडं परत येईल. थरथरीने जे गेलं ते गेलं. त्यावर तुम्ही "बघू" म्हणालात. बघू नाही, करायचं.

आता निघतानाचं. गॅरेजवाल्या बाईंना सांगितलं तर त्यांना पटेना. मी चाकाशी बसले, तुम्ही माझ्या शेजारी. पाना माझ्या मुठीत आणि माझ्या मुठीवर तुमचा तळवा. प्रत्येक नटाला मी जोरात "टक्!" ओरडायचे आणि तुम्ही ओरडायचा, "समोरचा!" टक्, समोरचा. टक्, समोरचा. सगळी गल्ली गच्चीत आली होती. आई म्हणाली, दोघांनाही परत बालवाडीत घाला. तुमचा हात किती जड आहे हो. आणि उबदार. चौथं चाक झालं तरी मला उठावंसं वाटत नव्हतं, आणि तुम्हीही उठत नव्हता. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

घाट उतरल्यावर चहाच्या टपरीशी थांबले आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळे नट परत बघितले. एकही हललेला नव्हता.

ठकू


२१ एप्रिल

ठकूबाई,

यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी काढून फेकावंसं वाटलं. नळ गळतो, माझ्याच चपला वाजतात, आणि तुझी आई दिवसभर हळू आवाजात माझ्याबद्दल काय काय म्हणत असते ते आत्ता कळलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी एक-एक करून उत्तरं दिली. ती घाबरली.

रविवारी व्हॅन आली. पाना त्याच्याच हातात, मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. एक, समोरचा, एक, समोरचा. पहिलं चाक झालं. दुसऱ्या चाकाला तो एका नटावरून उठायला लागला, तसा मी म्हटलं, "बस खाली. आला नाही अजून." तो म्हणाला, "काका, तुम्हाला एवढ्या लांबून?" मी म्हटलं, "दाब." त्याने दाबला. टक्. मी ऐकला, ठकू. फाटकातून ऐकला. मग मी त्याला चहा पाजला आणि तो पिऊन झाल्यावर परत पाजला. आता पुढच्या रविवारपासून पाना त्याचा आणि कान माझे, असं ठरलंय. गल्लीतल्या आणखी दोघांनी विचारलंय.

ऑपरेशनची तारीख घेतली. बोटांचं किती परत येईल ते येईल. तुझ्या आईने सगळे कप स्टीलचे आणलेत.

तू येशील तेव्हा मात्र यंत्र काढून ठेवीन. तू आपली मोठ्याने टक् म्हण, माझा हात तुझ्या मुठीवर राहील. ते तसंच बरं होतं.

आज खाली आईची टीप नाही. म्हणते, आता जे सांगायचं ते तोंडावर सांगेन. तूही या पत्राला उत्तर लिहू नकोस. रविवारी संध्याकाळी फोन कर. मीच उचलीन, आणि तिच्याकडे देणार नाही.

बाबा